निनावी धमकीची तीनशे वर्षं

१७३० च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरात जॉर्ज पॅकर या जहाजबांधणी करणाऱ्या व्यापाऱ्याचं घर जळालं. आग अपघाताने लागलेली नव्हती. त्याआधी त्याच्या घरी चिठ्ठ्या येऊन पडत होत्या: सांगितलेले पैसे सांगितलेल्या ठिकाणी ठेव, नाहीतर घर पेटवून देऊ. पॅकर बधला नाही आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी शब्द खरा केला. बातमी पसरली तसं इंग्लंडभर अशाच चिठ्ठ्यांचं पीक आलं. आता प्रत्येकाला खरोखर आग लावायची गरज उरली नव्हती. एका घराची राख पुढच्या कित्येक चिठ्ठ्यांना पुरणार होती.

या धंद्याला भांडवल फारसं लागत नाही, पण तीन अडचणी सोडवाव्या लागतात. समोरच्याला पटेल अशी धमकी हवी. आपण कोण हे त्याला कळता कामा नये. आणि पैसे हाती पडताना आपण पकडले जाता कामा नये. पहिल्या दोन अडचणींवर अठराव्या शतकातल्या लोकांनीच तोडगे काढले होते. तिसरी मात्र पुढे जवळपास तीनशे वर्षं कोणाला नीट सुटली नाही. पुडकं उचलायला कोणाला तरी यावंच लागे आणि नेमके तिथेच शिपाई दबा धरून बसलेले असत. आज ईमेलच्या खोक्यात येऊन पडणारी धमकी समजून घ्यायची, तर ही तिसरी अडचण कशी सुटली आणि ती सुटल्यावर धमकीचं काय झालं, हे पाहावं लागतं.

ब्रिस्टलच्या आगीच्या सात वर्षं आधी, १७२३ साली, ब्रिटिश संसदेने ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ केला होता. तोंडाला काळं फासून जमीनदारांच्या राखीव रानात हरणं मारणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त हा त्याचा मूळ हेतू. त्यातच एक तरतूद अशीही होती: बिनसहीचं किंवा खोट्या सहीचं पत्र पाठवून पैसे, हरणाचं मांस किंवा दुसरी मौल्यवान वस्तू मागितली, तर फाशी. हरणाच्या मांसाचा कायद्यात नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यावरून तो कोणाच्या पंगतीला बसून लिहिला गेला असेल याचा अंदाज येतो. एवढी कडक शिक्षा असूनही पत्रं थांबली नाहीत. मग सरकारने ‘लंडन गॅझेट’ या राजपत्रात ती पत्रंच छापायचा मार्ग धरला. पत्र जसंच्या तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि त्याखाली जाहीर आवाहन: लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या साथीदाराने सांगितलं तर साथीदाराला माफी आणि वर बक्षीस. या पत्रांचा अभ्यास इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधात केला. त्यातली बरीच पत्रं खंडणीची नव्हतीच. धान्य महागलं, मजुरी कापली म्हणून चिडलेल्या गरिबांची होती. पण सरकारचा उपाय दोन्हींवर सारखाच होता. ‘कोणाला सांगशील तर याद राख’ असं बजावणारं पत्र सरकारच चारचौघांत वाचून दाखवत होतं.

जाळपोळीपेक्षा बेअब्रूची धमकी स्वस्त पडते, हेही लोकांना लवकरच उमगलं. १८२५ मध्ये हॅरिएट विल्सन या लंडनच्या एकेकाळच्या प्रसिद्ध गणिकेने आपल्या आठवणी प्रकाशित करायचं ठरवलं. तिने जुन्या आश्रयदात्यांना आधी पत्रं धाडली: पुस्तकात नाव यायला नको असेल तर २०० पौंड रोख, किंवा वर्षाला २० पौंड. जॉन जोसेफ स्टॉकडेल हा प्रकाशक आठवणींचे भाग हप्त्याहप्त्याने बाजारात आणत होता. या पत्रांचा एक मानकरी होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मराठी वाचकांना तो वेगळ्या नावाने ठाऊक आहे. १८०३ मध्ये आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. खुशाल छाप, असं त्याने उलट कळवल्याची आख्यायिका इंग्रजांनी पुढे आवडीने जपली. आख्यायिका खरी असो वा नसो, आठवणी छापल्या गेल्या, त्यात वेलिंग्टन होता, आणि तीनच वर्षांनी तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. बोभाटा होणं आणि माणूस बुडणं या दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठ येतातच असं नाही.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने भारतासाठी दंड संहितेचा मसुदा केला, तेव्हा हा सगळा अनुभव त्याच्या पाठीशी होता. १८६० मध्ये संमत होऊन १८६२ च्या १ जानेवारीला लागू झालेल्या भारतीय दंड संहितेत खंडणीची व्याख्या कलम ३८३ मध्ये आली. त्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण जाळपोळीचं नाही, सुऱ्याचंही नाही: पैसे दे, नाहीतर तुझी बदनामी करणारा मजकूर प्रसिद्ध करतो, असं सांगून पैसे काढणाऱ्याचं आहे. कलम ३८८ आणि ३८९ त्याहून बोलकी. गंभीर गुन्ह्याचा आरोप करीन, अशी धमकी देऊन पैसे काढणाऱ्याला तिथे जास्त शिक्षा सांगितली होती. कारण त्या काळच्या इंग्लंडात खोट्या लैंगिक आरोपाची धमकी हे खंडणीचं सर्वांत खात्रीचं हत्यार होतं. ज्याच्यावर आरोप व्हायचा तो निर्दोष असला, तरी आरोप नुसता उच्चारला जाण्याच्या भीतीनेच पैसे देऊन मोकळा होई. आणि कलम ५०७ ने निनावी धमकीला आणखी दोन वर्षांची कैद जोडली. ईमेलचं नावही नव्हतं तेव्हाचा हा कायदा, पण आजच्या बहुतेक धमक्या त्याच्या उदाहरणांत जवळपास तशाच सापडतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा धंदा न्यूयॉर्कमध्ये टपालखात्याच्या जोरावर फोफावला. इटलीहून आलेल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये बेकरीवाला, फळांचा व्यापारी, घरं बांधणारा, अशा जरा बरं चाललेल्या माणसाला पत्र येई. खाली काळ्या शाईने काढलेला पंजा, शेजारी कवटी किंवा खंजीर. रक्कम, जागा, वेळ. पैसे न दिल्यास दुकान बॉम्बने उडेल किंवा मूल पळवलं जाईल. काही दुकानं खरोखर उडाली, काही मुलं खरोखर पळवली गेली. ‘ब्लॅक हँड’ म्हणजे एक अवाढव्य गुप्त संघटना आहे असा वृत्तपत्रांचा आणि वस्तीचा समज होता. तशी एकसंध संघटना मुळात नव्हती. तो पंजा कोणीही काढू शकत होतं आणि अनेक छोट्या टोळ्या, एकटेदुकटे भामटेही तो काढत होते. दुसऱ्याने कमावलेली दहशत उसनी घ्यायची आणि स्वतःच्या पत्राखाली चिकटवायची, ही युक्ती इथे पूर्ण रुजली.

न्यूयॉर्क पोलिसांतला जोसेफ पेट्रोसिनो हा स्वतः इटालियन. त्याच्या हाताखाली इटालियन बोलणाऱ्या पोलिसांचं खास पथक उभं राहिलं. पत्र आलेल्यांना तोंड उघडायला लावणं हेच त्याचं मुख्य काम होतं, कारण वस्तीचा पोलिसांवर विश्वास नव्हता आणि तक्रारी येत नव्हत्या. १९०९ च्या १२ मार्चला सिसिलीतल्या पालेर्मो शहरात, तपासासाठी गेलेला असताना, त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढच्याच वर्षी गायक एन्रिको कारुसोला १५ हजार डॉलर मागणारी पत्रं आली. कारुसो तेव्हा ऑपेराच्या जगात शिखरावर होता. पैसे ब्रुकलिनमधल्या एका कारखान्याच्या पायऱ्यांखाली ठेवायचे होते. पोलिसांनी तिथे नोटांचं बनावट पुडकं ठेवलं आणि ते उचलायला आलेल्यांवर झडप घातली. पुन्हा तीच तिसरी अडचण.

‘ब्लॅक हँड’विरुद्धचा सर्वांत हुशार तपास मात्र बंदूकवाल्या पोलिसांनी केला नाही. ओहायो राज्यातल्या टपाल निरीक्षकांनी केला. फळांच्या व्यापाऱ्यांना धमक्या देणाऱ्या ‘सोसायटी ऑफ द बनाना’ नावाच्या टोळीचा संशय आल्यावर त्यांनी पोस्टाच्या खिडकीवर संशयितांना विकायच्या तिकिटांवर आधीच बारीक खुणा करून ठेवल्या. पुढे धमकीचं पत्र आलं की त्यावरचं तिकीट पाहायचं. खूण सापडली, म्हणजे ते तिकीट कोणी विकत घेतलं होतं हे आपोआप कळलं. १९०९ मध्ये धाडी पडल्या आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी टोलेडोच्या न्यायालयात टोळीला शिक्षा झाल्या. पत्र लिहिणाऱ्याने नाव लपवलं होतं, पण पत्र ज्या व्यवस्थेतून गेलं तिने त्याची खूण ठेवली होती. सायबर पोलीस आजही याच तत्त्वावर चालतात, फक्त तिकिटाच्या जागी ईमेलच्या प्रवासाची नोंद ठेवणारं हेडर आलं आहे.

संगणकावरच्या खंडणीची पहिली मोठी फेरीसुद्धा टपालानेच गेली, हे आज गमतीचं वाटतं. १९८९ च्या डिसेंबरमध्ये लंडनहून सुमारे २० हजार फ्लॉपी डिस्क जगभर रवाना झाल्या. काही एका संगणकविषयक नियतकालिकाच्या वर्गणीदारांना, काही जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला गेलेल्यांना. फ्लॉपीवर एड्सविषयीची माहिती होती आणि प्रश्नावलीवरून धोका किती ते सांगणारा एक कार्यक्रमही होता. सोबतच्या बारीक छपाईच्या कागदावर, पैसे न भरता वापर केल्यास परिणाम भोगावे लागतील, अशी ताकीद होती. ती कोण वाचतो? संगणक ९० वेळा सुरू झाला की फाइलींची नावं गडप होत आणि पडद्यावर हुकूम झळके: प्रिंटर चालू करा. प्रिंटरमधून चक्क बिल बाहेर पडे. वर्षभराच्या परवान्याचे १८९ डॉलर, कायमच्या परवान्याचे ३७८. पैसे पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर, ‘पीसी सायबॉर्ग कॉर्पोरेशन’च्या नावाने पाठवायचे.

हे उद्योग केले होते जोसेफ पॉप नावाच्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने. फ्लॉपीने फाइलींच्या आतला मजकूर बिघडवला नव्हता, फक्त नावं कुलूपबंद केली होती. त्यामुळे जिम बेट्स या ब्रिटिश जाणकाराने थोड्याच काळात सुटकेचा प्रोग्राम लिहून तो फुकट वाटला. घाबरून संगणकावरचं सगळं पुसून टाकणाऱ्यांचं नुकसान मात्र झालं ते झालंच. पॉपला अमेरिकेत अटक होऊन इंग्लंडमध्ये आणण्यात आलं. तिथे तो दाढीला रोलर लावून आणि डोक्यावर खोकं घालून वावरू लागला, आणि खटला चालवण्याइतकी त्याची मनःस्थिती ठीक नाही असं न्यायालयाने ठरवलं. डोकं फिरलेलं होतं की फिरवून घेतलेलं होतं, यावर आजही वाद घालणारे आहेत.

पॉपच्या योजनेत दोन ठिकाणी गळती होती: टपालखर्च आणि पनामातला पोस्ट बॉक्स. २० हजार लिफाफ्यांना पैसे पडतात, आणि पोस्ट बॉक्सवर कोणाला तरी जावं लागतं. पहिल्या गळतीवरचा उपाय त्याच्या आधीच तयार झाला होता. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल एका संगणकावरून दुसऱ्यावर कसं जावं याचे नियम लिहून काढले. तेव्हा इंटरनेटवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, जो तो एकमेकांना ओळखत होता. त्यामुळे ‘प्रेषक’ या रकान्यात लिहिलेला पत्ता खरा आहे का, हे तपासायची सोयच त्या नियमांत नव्हती. आंतर्देशीय पत्राच्या मागे कोणाचंही नाव लिहून ते पेटीत टाकता येतं, तसंच. पुढे पत्ता पडताळणाऱ्या व्यवस्था वरून जोडण्यात आल्या. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांवर त्या सक्तीच्या केल्या. तरी ‘हा मेल तुमच्याच पत्त्यावरून आला आहे, यावरून ओळखा की तुमचं खातं माझ्या ताब्यात आहे’ असं लिहिणारे भामटे अजून याच जुन्या भोकातून आत येतात. खातं बहुधा कोणाच्याच ताब्यात गेलेलं नसतं. फक्त लिफाफ्यावर तुमचं नाव लिहिलेलं असतं.

दुसरी गळती २००९ मध्ये बुजली. त्या वर्षी बिटकॉइन हे आभासी चलन सुरू झालं. आता पुडकं उचलायला कोणी येत नाही, पोस्ट बॉक्स लागत नाही, बँकेचा कारकून ओळखपत्र मागत नाही. पॅकरच्या काळापासून अडलेली तिसरी अडचण पुष्कळशी सुटली. त्याचा परिणाम मात्र कोणी सहज ओळखला नसता असा झाला: धमकी खरी करण्याची गरज हळूहळू संपत गेली.

याचा पहिला ठळक नमुना २०१६ चा आहे. ‘आर्माडा कलेक्टिव्ह’ नावाच्या टोळीने आदल्या वर्षी संकेतस्थळांवर प्रचंड रहदारी लोटून ती बंद पाडण्याच्या धमक्या दिल्या होत्या आणि काही संकेतस्थळं बंदही पाडली होती. २०१६ च्या वसंतात त्याच नावाने शंभराहून अधिक व्यवसायांना मेल गेले. क्लाउडफ्लेअर या कंपनीने तपास केला, तेव्हा या नव्या ‘आर्माडा’ने एकाही संकेतस्थळावर हल्ला केल्याचं आढळलं नाही. वर एक मजेशीर गोष्ट निघाली. पैसे भरायचा बिटकॉइन पत्ता अनेकांना एकच दिला होता आणि रक्कमही तीच. म्हणजे पैसे कोणी भरले आणि कोणी नाही, हे टोळीला कळणंच शक्य नव्हतं. हल्ला करायचाच नव्हता, मग हिशेब ठेवायचा कशाला? तरीही लोकांनी मिळून लाखभर डॉलरहून अधिक रक्कम भरली होती. काळा पंजा उसना घेणाऱ्यांचे हे थेट वारस.

मग आला २०१८ चा जुलै. जगभर लोकांच्या खोक्यात एक मेल पडू लागला आणि त्याच्या विषयाच्या ओळीत किंवा पहिल्याच वाक्यात वाचणाऱ्याचा पासवर्ड लिहिलेला होता. पुढे मजकूर असा: तू अश्लील चित्रफिती पाहत होतास त्या संकेतस्थळावर मी प्रोग्राम पेरला होता, तुझ्या संगणकाच्या कॅमेऱ्याने तुझं चित्रीकरण केलं आहे, तुझ्या सगळ्या ओळखीच्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. एवढे एवढे डॉलर बिटकॉइनमध्ये भर, मुदत एक दिवसाची, उत्तर पाठवण्याच्या फंदात पडू नको. मागणी १,४०० डॉलरच्या आसपास आणि पुढे त्याहूनही वर. पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्याकडे ज्यांनी हे मेल आधी पाठवले, त्यांचे पासवर्ड जवळपास दहा वर्षं जुने होते आणि तेव्हाच्या संगणकावर कधी वापरलेलेही नव्हते.

पासवर्ड आला कुठून? चोरी भामट्याने केलेलीच नव्हती. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरीला गेलेली माहिती २०१६ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्यात ११ कोटी ७० लाख खात्यांचे पासवर्ड असल्याचं सांगितलं गेलं. २०१३ च्या अडोबीच्या चोरीत १५ कोटींहून अधिक खाती होती. असे गठ्ठे गुन्हेगारांच्या बाजारात फिरत राहतात. एका स्तंभात ईमेल, दुसऱ्या स्तंभात पासवर्ड. ठरावीक मजकुरात ते भरायचे आणि बटण दाबायचं. ट्रॉय हंट यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल टाकला की तो कोणकोणत्या चोऱ्यांमध्ये सापडला आहे ते कळतं. धमकीचा मेल आलेल्या बहुतेकांचं कोडं तिथेच सुटतं.

तो मेल भीती बाजूला ठेवून वाचला, तर त्यात काय काय नाही हे लक्षात येतं. कोणत्या संकेतस्थळावर पाहिलं, त्याचं नाव नाही. तारीख नाही. चित्रफितीतला एकही तुकडा नाही. वाचणाऱ्याचं नावसुद्धा बहुतेकदा नाही. आहे तो फक्त विकत घेतलेला पासवर्ड, किंवा पुढच्या काळात फोन नंबर, किंवा २०२४ मध्ये अमेरिकेत दिसू लागला तसा, पत्त्यावरून इंटरनेटच्या नकाशातून उचललेला घराचा फोटो. कधी मजकूर चित्राच्या रूपात चिकटवलेला, कधी इंग्रजी अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन अक्षरं; हा खटाटोप मेल कंपनीची चाळणी चुकवण्यासाठी. वैयक्तिक वैर असलेला माणूस असा खटाटोप करत नाही. लाखोंना एकच मजकूर पाठवणाऱ्यालाच त्याची गरज पडते.

लाखोंना म्हणजे किती, याचेही आकडे आहेत. २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ‘फॉर्पिएक्स’ नावाच्या बाधित संगणकांच्या जाळ्यावर पाच महिने पाळत ठेवली. ते जाळं तासाला ३० हजारांपर्यंत असे मेल पाठवत होतं आणि एकेका फेरीत २ कोटी ७० लाखांपर्यंत लोक गाठले जाऊ शकत होते. पाच महिन्यांची कमाई १४ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे १ लाख १० हजार डॉलर. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ४३ लाखांहून अधिक मेल तपासले गेले आणि ११ महिन्यांत किमान १३ लाख डॉलर जमल्याचं दिसलं. इंग्रजीतल्या मेलमध्ये रक्कम मोठी, स्पॅनिशमध्ये कमी. गिऱ्हाईक बघून भाव. ही मोजणी शक्य झाली याचं कारण बिटकॉइनची वही सगळ्यांना उघडी असते. नाव दिसत नाही, पण रक्कम दिसते. टोलेडोच्या खुणेच्या तिकिटांसारखाच हाही व्यवस्थेने ठेवलेला माग.

या पोकळ धंद्याचा कळस १३ डिसेंबर २०१८ ला झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या शाळा, वृत्तपत्रं, कार्यालयं यांना मेल गेले की इमारतीत बॉम्ब ठेवला आहे, २० हजार डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. इमारती रिकाम्या झाल्या, शहरं हादरली, बॉम्ब एकही निघाला नाही. सिस्कोच्या संशोधकांना त्यामागे पासवर्डवाल्या मेलच्याच टोळीच्या खुणा आढळल्या. त्यांनी नवा मजकूर करून पाहिला होता, इतकंच.

म्हणून प्रत्येक धमकी पोकळच असते, असं समजणं मात्र महागात पडेल. फिनलंडमधल्या ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. चोराने आधी कंपनीकडे ४० बिटकॉइन मागितले आणि ते मिळेनात म्हणून २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रोज शंभर जणांच्या नोंदी इंटरनेटच्या काळोख्या कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली. मग थेट रुग्णांना मेल गेले: २४ तासांत २०० युरो, नंतर ५००, नाहीतर डॉक्टरांशी बोललेलं सगळं जगजाहीर. हे मेल खोटे नव्हते. चोराने पुरावा आधीच दाखवला होता. नोंदी टाकण्याच्या घाईत त्याने स्वतःच्या संगणकावरचा खासगी मजकूरही त्याच गठ्ठ्यात चढवला आणि तपासाला धागा मिळाला. २०२३ मध्ये अलेक्सांतेरी किविमाकी याला फ्रान्समध्ये पकडण्यात आलं आणि एप्रिल २०२४ मध्ये फिनलंडच्या जिल्हा न्यायालयाने त्याला ६ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. पैसे दिले असते तर नोंदी वाचल्या असत्या का? एकदा चोरांच्या हाती पडलेल्या गठ्ठ्याच्या किती प्रती निघतात हे पासवर्डच्या बाजाराने दाखवूनच दिलं आहे.

मुंबईला खऱ्या धमकीची ओळख फोनवरून झाली. १९९० च्या दशकात बिल्डर, हॉटेलमालक, चित्रपट निर्माते यांना परदेशातून फोन येत आणि पैसे न दिल्यास गोळ्या खरोखर सुटत. संघटित गुन्हेगारीला वेसण घालायला १९९९ मध्ये ‘मोक्का’ हा कायदा आला. गुन्हे शाखेच्या खंडणीविरोधी पथकाचं नाव त्या काळात रोजच्या पेपरात असे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस उद्योगपती मुकेश अंबानी यांना धमकीचे मेल आले, तेव्हा जुन्या वार्ताहरांना तो काळ आठवला असणार. आधी २० कोटी, उत्तर नाही म्हणून २०० कोटी, मग ४०० कोटी. गावदेवी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि पोलिसांनी तेलंगणातून एका १९ वर्षांच्या तरुणाला अटक केली. ज्या नावाने मेल येत होते ते त्याचं नव्हतं. काही दिवसांत वीसपट होणारी खंडणी हीच खरं तर संशय यावा अशी गोष्ट.

सामान्य भारतीयाला येणारा मेल वेगळा असतो. त्याला जोडलेल्या पत्रावर राजमुद्रा, सीबीआय किंवा गुप्तचर विभागाचं नाव, एखाद्या बड्या अधिकाऱ्याची उचललेली सही, आणि आरोप असा की तुमच्या इंटरनेटवरून लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती पाहिल्या गेल्या आहेत. २४ तासांत खुलासा पाठवा, नाहीतर अटक. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाने अशी पत्रं बनावट असल्याचं वारंवार जाहीर केलं आहे. खुलासा पाठवणाऱ्याला पुढे ‘दंड’ भरून प्रकरण मिटवायचा मार्ग सुचवला जातो. कलम ३८८ लिहिणाऱ्यांनी ही पत्रं लगेच ओळखली असती. पोलीस नोटीस काढतात, गुन्हा मेलवर मिटवून देत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणी कलम ३०८ मध्ये आली. साध्या खंडणीची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली. मेकॉलेच्या जुन्या उदाहरणांच्या रांगेत एका नव्याची भर पडली: इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून संदेश पाठवून, तुझं मूल माझ्या ताब्यात आहे, एक लाख रुपये दे, असं सांगून पैसे काढणारा. म्हणजे ‘मेलवरच तर आलंय, पोलीस काय करणार’ हे आता म्हणायची सोय नाही.

असा मेल आलाच तर उत्तर देऊ नका आणि पैसे देऊ नका. एकदा दिलेल्याकडे पुन्हा येतात. त्यातला पासवर्ड अजून कुठे वापरात असेल, तर तो आजच बदला आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावा. मेल पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ मेल हेडरसकट जपून ठेवा, माग त्यातूनच निघतो. धमकी देणाऱ्याकडे खरोखरच फोटो किंवा चित्रफीत असेल, तरी हाच क्रम. जोडीला ‘स्टॉपएनसीआयआय’ या सेवेवर त्या चित्राची केवळ अंकखूण नोंदवता येते. चित्र तुमच्याकडेच राहतं आणि सहभागी समाजमाध्यमांवर ते चढवताना अडवलं जातं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवा. घरातल्या कोणाला असा मेल आला आहे अशी शंका आली, तर आधी त्याने काय पाहिलं ते विचारू नका. मेल दाखव म्हणा आणि सोबत बसून वाचा.